वर्तन बिघडण्याआधी: नव्या शिक्षकांसाठी वर्गातली पावलं

वर्षाच्या शेवटी ज्या मुलाचं नाव सगळ्या शिक्षकांच्या तोंडी बसलेलं असतं, त्याची सुरुवात बहुतेक वेळा अगदी किरकोळ असते. वही उघडायला उशीर. बाकाखाली वाकून काहीतरी शोधत बसणं. शेजाऱ्याची पेन्सिल ओढणं. तेव्हा कुणी फारसं लक्ष देत नाही, कारण समोर अख्खा वर्ग असतो आणि धडा पुढे न्यायचा असतो. मग हळूहळू ते वागणं मुलाच्या अंगवळणी पडतं. आपलं रागावणंही ठरल्यासारखं होतं. वर्गात काही हरवलं की बाकीची मुलं आधी त्याच्याचकडे बघायला लागतात. इथवर आल्यावरही सुधारणा होते, पण तिला महिने लागतात आणि सगळ्यांचीच दमछाक होते.

हा लेख त्याच्या आधीच्या काळाबद्दल आहे. नुकतेच शिकवायला लागलेले शिक्षक हमखास विचारतात, "त्या मुलाचं करू तरी काय?" माझं सांगणं असं की प्रश्नच बदला. मूल कसं आहे हे घटकाभर बाजूला ठेवा आणि हे नेमकं कधी घडतं ते शोधा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नातून निघालेल्या आहेत.

पहिली पायरी: सुरुवातीच्या दोन आठवड्यांत वागणं शिकवा

"नीट वागा" म्हणजे काय हे मुलांना ठाऊक असेल, असं आपण धरून चालतो. पण घरोघरी त्याचा अर्थ निराळा असतो, आणि दर तासाला बदलणाऱ्या शिक्षकांच्या लेखीसुद्धा. म्हणून वर्गाचे नियम तीन ते पाचच ठेवा आणि काय करायचं ते सांगणारे ठेवा. "ओरडू नका" याऐवजी "बोलायचं असेल तर हात वर करा". "पळू नका" याऐवजी "व्हरांड्यातून चालत जा".

नियमांपेक्षाही जास्त काम रोजच्या ठरलेल्या पद्धती करतात. दिवसभरात गोंधळ कुठे उडतो ते आठवून बघा: वह्या गोळा करताना, एक तास संपून दुसरा सुरू होताना, ज्यांचं काम आधी आटोपलं ती मुलं रिकामी बसलेली असताना. या प्रत्येक वेळेसाठी एक पद्धत ठरवा आणि ती करून दाखवा. वह्या मागच्या बाकावरून पुढे यायच्या, पहिल्या बाकावरच्या मुलाने गठ्ठा टेबलावर आणून ठेवायचा. एकदा तुम्ही दाखवा, मग एका रांगेकडून करून घ्या, मग सगळ्या वर्गाकडून. चुकीची पद्धत दाखवायची झालीच तर ती शिक्षकाने दाखवावी. मुलांकडून सराव मात्र बरोबर पद्धतीचाच. मोठ्या सुट्टीनंतर शाळा उघडली की पुन्हा थोडा वेळ याला द्या, सगळं विसरलेलं असतं.

जेकब कुनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने वर्गांचं चित्रीकरण करून ते बारकाईने तपासलं आणि १९७० मध्ये आपले निष्कर्ष मांडले. ज्यांचे वर्ग सुरळीत चालत आणि ज्यांच्या वर्गांत सतत दंगा असे, त्या शिक्षकांची गैरवर्तन झाल्यानंतर बोलण्याची तऱ्हा फारशी वेगळी नव्हती. फरक आधीच्या गोष्टींत होता. सुरळीत वर्गांच्या शिक्षकांची नजर सगळीकडे असायची, एकाची वही तपासतानाही कोपऱ्यातली कुजबुज त्यांना कळायची, आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाताना मध्ये पोकळी राहायची नाही. नव्या शिक्षकाने शिक्षेचे प्रकार शोधण्यात वेळ घालवू नये, असं मी म्हणते ते म्हणूनच.

दुसरी पायरी: तास सुरू होण्याआधी दारात उभे राहा

फळा पुसत मुलांची वाट बघण्यापेक्षा दारात उभं राहावं. प्रत्येकाला नावाने हाक मारून दोन शब्द बोलावेत आणि आत गेल्यावर पहिलं काम काय आहे ते सांगावं. क्लेटन कुक आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माध्यमिक वयाच्या मुलांच्या १० वर्गांत हे करून पाहिलं होतं. अभ्यासात लक्ष असण्याचं प्रमाण २० टक्के गुणांनी वाढलं आणि व्यत्यय आणणारं वर्तन ९ टक्के गुणांनी घटलं. खर्च शून्य.

याचा आणखी एक फायदा आहे, तो मला जास्त मोलाचा वाटतो. दारातच कळतं की आज कुणाचा चेहरा उतरलाय, कोण मधल्या सुट्टीतलं भांडण सोबत घेऊन आलंय. त्या मुलाला लगेच जागेवर बसवण्याऐवजी वह्या वाटायला सांगा. दोन मिनिटं हातपाय हलले की पुढची चकमक पुष्कळदा टळते.

तिसरी पायरी: चांगलं दिसलं की नेमक्या शब्दांत सांगा

"छान", "शाब्बास" यातून मुलाला काही कळत नाही. "गट बदलताना तुझी खुर्ची तू उचलून ठेवलीस, आवाज झाला नाही" यातून कळतं. कौतुक नेमकं हवं, तिथल्या तिथे हवं आणि खरं हवं. मुलांना पोकळ कौतुक लगेच ओळखू येतं.

१९६८ मध्ये मॅडसन, बेकर आणि थॉमस यांनी प्राथमिक वर्गांत केलेला एक प्रयोग आजही सांगितला जातो. नुसते नियम लावून वर्तनात विशेष फरक पडला नाही. चांगल्या वागण्याचं कौतुक आणि किरकोळ चुकांकडे दुर्लक्ष या दोन्हींची जोड मिळाली तेव्हा फरक दिसला, आणि त्यातही कौतुकाचा वाटा मोठा होता. एका सूचनेमागे चार कौतुकाचे शब्द, असा अंदाज शिक्षक-प्रशिक्षणात देतात. तो काही नियम नव्हे, पण स्वतःला तपासायला बरा पडतो. एखाद्या तासाला खिशात दहा मणी ठेवा आणि प्रत्येक कौतुकाला एक मणी दुसऱ्या खिशात टाका. तास संपल्यावर किती मणी सरकले ते बघा. ज्या मुलावर तुम्ही सर्वांत जास्त रागावता त्याच्या वाट्याला त्यातले किती गेले, तेही आठवा.

वरच्या वर्गांतल्या मुलांना सगळ्यांसमोर केलेलं कौतुक नकोसं होतं. त्यांच्या वहीच्या कडेला एक ओळ लिहा किंवा बाकाजवळून जाता जाता हळू आवाजात सांगा.

संपूर्ण वर्गासाठी एक जुना आणि भरपूर तपासलेला खेळ आहे. १९६९ मध्ये बॅरिश, साँडर्स आणि वुल्फ यांनी चौथीच्या वर्गात तो पहिल्यांदा वापरला. वर्गाचे दोन-तीन गट करायचे, ठरलेल्या वेळेत नियम मोडला की त्या गटाच्या नावापुढे फळ्यावर एक खूण करायची, आणि खुणा ठरलेल्या आकड्याच्या आत ठेवणारे सगळे गट जिंकतात. बाल्टिमोरमध्ये १९८० च्या दशकात पहिलीच्या वर्गांत हा खेळ घेतला गेला आणि ती मुलं तरुण होईपर्यंत संशोधकांनी त्यांचा मागोवा घेतला. लहानपणी जे मुलगे जास्त आक्रमक होते, त्यांच्यात पुढे व्यसनांचं प्रमाण खेळ न खेळलेल्या तशाच मुलग्यांपेक्षा कमी आढळलं. सुरुवात दहा मिनिटांनी करा. एकाच मुलामुळे गट दरवेळी हरत असेल तर खेळ थांबवून गट बदला, नाहीतर त्याच्यावर सगळ्यांचा रोष ओढवेल.

चौथी पायरी: तीन रकान्यांची नोंद

एवढं करूनही दोन-चार मुलांचं वागणं जागचं हलत नाही. अशा वेळी नवा शिक्षक आवाज चढवतो. त्याऐवजी एक वही घ्या आणि तीन रकाने आखा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. तारीख आणि तास लिहायला विसरू नका. "उद्धट वागला" असं लिहू नका. कॅमेऱ्यात जे दिसलं असतं तेवढंच लिहा.

चौथीच्या एका वर्गातली अशी नोंद कशी दिसेल ते बघा.

सोमवार, तिसरा तास. आधी: फळ्यावरचा उतारा वहीत उतरवायला सांगितला. मुलाने: शेजारणीची वही ओढली, मोठ्याने हसला. नंतर: बाईंनी दाराशी उभं केलं, उतारा राहिला.

मंगळवार, पाचवा तास. आधी: तोंडी गणितं. मुलाने: हात वर केला, दोन उत्तरं बरोबर दिली. नंतर: काही नाही.

बुधवार, तिसरा तास. आधी: प्रश्नोत्तरं फळ्यावरून लिहून घ्यायला सांगितली. मुलाने: पेन्सिलीला टोक करायला तीनदा उठला, येताना एकाला ढकललं. नंतर: मुख्याध्यापकांकडे पाठवलं, लिहिणं राहिलं.

एका नजरेत दोन गोष्टी दिसतात. गोंधळ फळ्यावरून उतरवून घेण्याच्या वेळीच होतो, आणि दरवेळी शेवट "लिहिणं राहिलं" असाच होतो. दाराशी उभं राहणं ही बाईंच्या हिशेबी शिक्षा आहे, पण त्या मुलाची त्यातून लिहिण्यापासून सुटका होते. ही शिक्षा वाढवली तर वर्तन कमी होणार नाही, वाढेल. मंगळवारची कोरी नोंदही तितकीच महत्त्वाची. जिथे काही घडलं नाही तो तासही लिहून ठेवा, कारण मुलाला काय जमतं ते तिथेच सापडतं.

वर्तनामागची कारणं ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. मुलाला काहीतरी मिळवायचं असतं: शिक्षकांचं लक्ष, मित्रांचं हसू, एखादी वस्तू. किंवा काहीतरी टाळायचं असतं: अवघड काम, मोठ्याने वाचणं, एखाद्या मुलाशेजारी बसणं. दोन मुलं अगदी सारखंच वागत असतील, तरी एकाला लक्ष हवं असतं आणि दुसऱ्याला सुटका. म्हणूनच एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्यावर उलटतो. निष्कर्ष काढायची घाई करू नका, आठवडाभराच्या नोंदी होऊ द्या.

पाचवी पायरी: आधीचं बदला, मग पर्याय शिकवा

वरच्या मुलाबाबत पहिलं काम म्हणजे त्याला फळा दिसतो का ते बघणं. मागच्या बाकावरून डोळे बारीक करून बघत असेल तर पुढे बसवा आणि घरी सांगून डोळे तपासून घ्या. दिसत असेल, पण लिहिण्याचा वेग कमी असेल, तर पहिल्या तीन ओळी लिहून दिलेला कागद द्या आणि उरलेलं त्याच्याकडून लिहून घ्या. उताऱ्याचे दोन भाग करा. पहिला भाग झाला की पाणी पिऊन येऊ दे, मग दुसरा.

त्याच वेळी गोंधळाच्या जागी वापरता येईल असं काही शिकवा. बाकाच्या कोपऱ्यावर एक रंगीत कार्ड ठेवायला द्या. ते उलटं केलं की अर्थ: "बाई, मी अडलोय." शेजारणीची वही ओढण्यापेक्षा कार्ड उलटं करणं सोपं असलं पाहिजे आणि त्याने मदत लवकर मिळाली पाहिजे. कार्ड उलटं करूनही दहा मिनिटं कुणी फिरकलं नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वही ओढली जाईल. सुरुवातीचे काही दिवस कार्ड दिसताच त्याच्याकडे जा.

आणि नंतरचं? गोंधळ घातला तरी लिहिणं सुटणार नाही, एवढं पक्कं करा. थोडं शांत झाल्यावर उरलेल्या दोन ओळी लिहायच्याच. काम कमी केलं तरी चालेल, माफ करू नका.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण इथेच बरेच जण हात टेकतात. जे वागणं आजवर उपयोगी पडत होतं ते अचानक पडेनासं झालं, की मूल आधी ते आणखी जोरात करून बघतं. आधी वही ओढायचा, आता भिरकावेल. याचा अर्थ उपाय फसला असा नाही. या दिवसांत नोंद चालू ठेवा आणि निदान दोन-तीन आठवडे गेल्याशिवाय निकाल देऊ नका. मध्येच माघार घेतली तर मूल एवढंच शिकतं की जोर वाढवला की काम होतं. कुणाला इजा होण्याचा धोका असेल तर मात्र वाट न बघता थांबवायचं आणि मदत बोलवायची.

लक्ष मिळवण्यासाठी वागणाऱ्या मुलाला लक्ष आधीच द्या. तास सुरू होताच त्याच्याजवळ जा, वही बघा, एक प्रश्न विचारा. दुर्लक्ष हा उपाय शिक्षकांचं लक्ष हवं असेल तेव्हाच चालतो. त्याला खतपाणी मित्रांच्या हसण्याचं मिळत असेल, तर तुम्ही कितीही दुर्लक्ष केलं तरी फरक पडणार नाही. तिथे जागा बदला, आणि वर्गासमोर मिरवायची एखादी रीतसर संधी द्या.

ऐन भडक्याच्या क्षणी फार काही शिकवता येत नाही. आवाज खाली आणा, थोडं अंतर ठेवून बाजूला उभे राहा, एक छोटं वाक्य बोला, दोन पर्याय द्या आणि गप्प राहा. बाकीच्यांना कामाला लावा म्हणजे बघे उरत नाहीत. खडसावणं, कारणं विचारणं, माफी मागायला लावणं, सगळं नंतर. मधली सुट्टी बंद करणं ही शिक्षा मला मुळीच पटत नाही. ज्या मुलाला एका जागी बसवत नाही, त्याचीच हालचाल बंद केली तर पुढचा तास हातचा गेलाच.

सहावी पायरी: रोजचं कार्ड

शाळाभरात वर्तनाचं काम तीन थरांत विभागण्याची पद्धत आता बऱ्याच देशांत रुळली आहे. पहिल्या तीन पायऱ्या सर्वांसाठी, आणि साधारण ८० टक्के मुलांना त्या पुरतात. सुमारे १५ टक्के मुलांना थोडी जास्त मदत लागते आणि उरलेल्या ५ टक्क्यांना वैयक्तिक योजना. आकडे ढोबळ आहेत. तुमच्या वर्गात अर्धी मुलं दुसऱ्या थरात दिसायला लागली, तर मुलांकडे नंतर बघा, आधी पहिला थर तपासा.

मधल्या थरासाठी रोजचं कार्ड फार उपयोगी पडतं. सकाळी मूल एका ठरलेल्या मोठ्या माणसाला भेटतं. वर्गशिक्षकच हवेत असं नाही, ग्रंथपाल किंवा खेळाचे सरही चालतील, मुलाचा जीव जडलेला असला म्हणजे झालं. कार्डावर दोन किंवा तीनच अपेक्षा: "काम वेळेत सुरू करणं", "हात स्वतःजवळ ठेवणं". दर तासाच्या शेवटी शिक्षक ०, १ किंवा २ गुण देतात आणि एक वाक्य बोलतात. दिवसाच्या शेवटी पुन्हा तीच भेट, गुणांची बेरीज, आणि कार्ड घरी. ८० टक्के गुण हे नेहमीचं लक्ष्य, पण सध्या जो मुलगा ४० वर अडला आहे त्याला पहिल्या आठवड्यात ५० द्या. जिंकण्याची चव आधी लागू दे.

कार्ड बिघडतं ते दोन कारणांनी. शिक्षक गुण देताना प्रवचन देतात, किंवा घरी कार्ड बघून मार बसतो. दुसऱ्याची शंका असेल तर कार्ड घरी पाठवूच नका.

सातवी पायरी: घरी पहिला निरोप चांगला

तक्रारीसाठी फोन करण्याची वेळ येण्याआधी एक चांगला निरोप गेलेला असू दे. "आज त्याने गटात सगळ्यांना रंग वाटून दिले, तुम्हाला कळवावंसं वाटलं." एवढंच सांगा आणि ठेवा. पुढे कधी अडचण सांगावी लागली तर पालक ऐकून घेतात, कारण तुम्ही त्यांच्या मुलात चांगलं बघता हे त्यांना कळलेलं असतं. अडचण सांगतानाही नोंदवही समोर ठेवा. "फार त्रास देतो" असं म्हटलं की पालक बचावाला उभे राहतात. "लिहिण्याच्या वेळी असं होतं, घरी लिहायला बसताना काय होतं?" असं विचारलं की माहिती मिळते. झोप, घरातलं आजारपण, नवं बाळ, घर बदलणं, यांतलं काहीतरी तिथेच कळतं.

ज्यांची नोंद कुणीच ठेवत नाही

एव्हाना लक्षात आलं असेल की हे सगळं दंगा करणाऱ्या मुलांभोवतीच फिरतं. पण जी मुलगी तीन आठवडे एक शब्द बोलली नाही, जो मुलगा गट करायला सांगितले की पोट दुखतं म्हणतो, जिचं अक्षर आणि हजेरी एकदम घसरली, त्यांनाही तितक्याच लवकर मदत हवी. ती कुणाला त्रास देत नाहीत म्हणून मागे राहतात. महिन्यातून एकदा हजेरीपट घेऊन बसा आणि प्रत्येक नावापुढे स्वतःला विचारा: या मुलाशी मी शेवटचं अभ्यासाव्यतिरिक्त काय बोलले? ज्या नावांपुढे काही आठवणार नाही, तिथून सुरुवात करा.

काही गोष्टी एकट्या शिक्षकाने अंगावर घ्यायच्या नसतात. वागण्यात अचानक मोठा बदल, अंगावरचे न उलगडणारे वळ, स्वतःला इजा करण्याची किंवा जगण्यात अर्थ नसल्याची भाषा, लैंगिक छळाची शंका. यांतलं काहीही दिसलं तर निरीक्षण लांबवू नका. मुलाला खोदून विचारू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. जे ऐकलं ते त्याच्याच शब्दांत लिहून त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि समुपदेशकांकडे पोचवा. दोन-तीन आठवडे नीट योजना राबवूनही फरक पडत नसेल, किंवा ऐकू येणं, बोलणं, वाचन, लक्ष यांत मुळातच अडचण वाटत असेल, तेव्हाही तीच वाट धरा. तुमची तीन रकान्यांची वही सोबत न्या, तज्ज्ञांना ती फार कामाला येते.

शेवटची पायरी: आधार काढणं आणि पुढे सोपवणं

कार्डावर चार-पाच आठवडे चांगले गुण येत राहिले की आधार हळूहळू कमी करा. आधी दर तासाऐवजी दिवसातून दोनदा गुण, मग मूल स्वतःच गुण देईल आणि तुम्ही पडताळून बघाल, मग आठवड्यातून एक भेट. एका दिवसात सगळं बंद केलं तर जुनं वागणं परत येण्याची शक्यता असते. मध्ये एखादा आठवडा घसरला तर एक पायरी मागे या.

वर्ष संपताना पुढच्या वर्गशिक्षकांसाठी अर्धं पान लिहा. जुनी भांडणं, कुणी काय फोडलं, कितीदा पालकांना बोलावलं, हे त्यात घालू नका. मुलाला काय चांगलं जमतं, कोणती वेळ अवघड जाते, त्या वेळी काय केल्याने फरक पडला आणि शाळेत त्याचा जीव कुणावर आहे, एवढंच लिहा. चौथीतल्या त्या मुलाचं पान असं असेल: "तोंडी गणितात तरबेज. फळ्यावरून लिहिताना अडतो. पहिल्या बाकावर बसवावं, उतारा दोन भागांत द्यावा. कार्ड उलटं केलं की लगेच जावं. ग्रंथपाल बाईंचं ऐकतो."